वाळूचं रजिस्टर

२०२१ सालच्या ऑक्टोबरातला रविवार. कारखान्यातल्या सहा-सात जणांना मी रानात शेंगा खायला बोलावलं होतं. आमचं रान चाकणच्या उत्तरेला, भामा नदीच्या कडेला. दोन एकराचा तुकडा, वाळसर, उन्हाळ्यात अनवाणी चालवत नाही असा. त्यात त्या वर्षी भुईमूग असा काही माजला होता की महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होतो. "इंजिनिअरनं केलेली शेती अशी असते," असंही एकदा म्हणालो होतो. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

काटक्या पेटवल्या, पहिला डहाळा उपटला. शेंगा होत्या, अगदी भरपूर होत्या. पण बोटांत दाबली की शेंग चपटी व्हायची. दुसरा डहाळा, तिसरा, मग दुसऱ्या सरीतला, मग बांधाकडचा. दहा शेंगांत तीन-चार भरलेल्या, बाकी पोचट. पाहुण्यांनी समजूतदारपणे, मुकाट्याने भेळ खाल्ली. शेजारच्या रानातून आलेली चुलती पाल्याकडे बघून म्हणाली, "पाला मात्र झकास आलाय रे. म्हशी दुवा देतील."

संध्याकाळी मी बियाणं घेतलेल्या दुकानदाराला फोन केला आणि बोगस बियाणं दिलं म्हणून बरंच बोललो. तो ऐकून घेत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, उगवलं, फुललं, आऱ्या धरल्या. बियाण्यानं अजून काय करायचं?" मी फोन आपटला. त्याची माफी मागायला मला सात महिने लागले.

मी वाळूचा माणूस आहे. धातुशास्त्राचा डिप्लोमा करून २००३ साली भोसरीतल्या एका फाउंड्रीत लागलो, पुढे चाकणच्या बाजूला आलो, आणि या सगळ्या काळात माझं काम एकच: सँड. साच्याची वाळू. ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो. नुसती वाळू मुठीत दाबली तर मूठ उघडताच सांडते. म्हणून तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळतात, आमच्याकडे ती कच्छमधून पोत्यांनी येते, आणि तीन-चार टक्के पाणी. चिकणमाती पाणी धरते, पाण्यामुळे वाळू वाळूला धरते, साचा उभा राहतो. दर तासाला नमुना घ्यायचा, ओलावा, ताकद, हवा किती आरपार जाते ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. अशी रजिस्टरं मी किती भरली असतील, त्याला हिशेब नाही.

आणि याच माणसाचं घरच्या वाळूबद्दलचं मत काय होतं? की ती मेलेली आहे. वरून खत ओतलं तर पीक येतं, नाही ओतलं तर नाही येत. जमीन म्हणजे नुसतं भांडं. खरं तर मला ते रान गोदामाला भाड्यानं द्यायचं होतं. आमच्या आजूबाजूला तेच चाललंय, पत्र्याच्या शेड उभ्या राहतायत, महिन्याला ठरलेले पैसे येतात. तात्या, म्हणजे माझे वडील, असताना विषय काढायची सोय नव्हती. ते २०१६ ला गेले, तेव्हा आई म्हणाली, "मी आहे तोवर शेंगा घरच्या." मग मी शेती हातात घेतली. उपकार केल्यासारखी.

हातात घेतल्या घेतल्या दोन गोष्टी बंद केल्या. एक म्हणजे मेंढरं बसवणं. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडाला परतणारे धनगर आमच्याकडे चार-पाच रात्री वाडा टाकायचे. तात्या त्यांना धान्य आणि थोडे पैसे द्यायचे. मला तो वास, ती लेंड्यांची रांगोळी नको वाटायची. एका वर्षी ते आले तेव्हा मी सांगितलं, यंदा नको, इथं गाडी लावायची असते. म्हातारा धनगर काही बोलला नाही. कळप वळवून पुढं गेला. गाडी तिथं मी वर्षातून चार वेळाही लावली नसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे सुपर फॉस्फेट. तात्या सोसायटीतून राखेच्या रंगाची ती पोती आणायचे. मला ते स्वस्तातलं, मागासलेलं खत वाटे. सोळा टक्के स्फुरद! डीएपीत शेहेचाळीस, शिवाय अठरा टक्के नत्र. ज्याला टक्केवारी कळते त्याला निवड सांगायला लागते का? मी डीएपी आणलं, वर युरिया दिला, आणि पीक "भरावं" म्हणून लाल पोटॅशही टाकलं.

पहिली वर्षं चाललं. तात्यांनी वर्षानुवर्षं जे जमिनीत ठेवलं होतं त्यावर मी जगत होतो, हे तेव्हा कळलं नाही. शेंगा दरवर्षी थोड्या हलक्या होत गेल्या आणि मी दरवर्षी युरिया थोडा वाढवला.

आता त्या सोमवाराकडे येतो, कारण सगळं तिथं फिरलं.

पोचट शेंगांच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेलो तर लाइनवर गोंधळ. रात्रीपासून कास्टिंगं रिजेक्ट होत होती. बाहेरून सुरेख, मशीनवर छिललं की आत पोकळी. ब्लो होल. तिथं एक नवा मुलगा होता, नुकताच डिप्लोमा होऊन आलेला. तो म्हणाला, "सर, मेटलच खराब असेल." मी त्याच्यावर उखडलो. त्याच त्या सुरात, ज्या सुरात माझ्यावर जवळजवळ वीस वर्षांपूर्वी कोणी उखडलं होतं. "पोकळ कास्टिंग आलं की आधी मेटलला शिव्या द्यायच्या नाहीत. आधी सँडचं रजिस्टर उघडायचं. ज्यात ओतलंय ते बघायचं, मग जे ओतलंय ते."

वाक्य तोंडातून गेलं आणि मी तिथंच थांबलो. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी अजून रागवणार आहे.

बाहेरून सुरेख, आत पोकळ. काल माझ्या हातात तेच होतं. आणि मी काय केलं होतं? मेटलला शिव्या दिल्या होत्या. बियाण्याला, दुकानदाराला. रजिस्टर उघडायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. कारण त्या वाळूचं रजिस्टर मी कधी ठेवलंच नव्हतं. मालकाच्या वाळूत ओलावा अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला तर मी रात्री अडीच वाजता फोन उचलत होतो. बापाच्या वाळूत काय आहे आणि काय नाही, हे मला पाच वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. अडाणीपणाला क्षमा असते. माझा अडाणीपणा नव्हता. मला प्रश्न येत होता, तो कुठं विचारायचा हेही येत होतं. फक्त तो प्रश्न माझ्या मते त्या जागेच्या लायकीचा नव्हता.

ब्लो होलचं कारण दुपारपर्यंत सापडलं. वाळूत पाणी जास्त झालं होतं. त्या आठवड्यात रात्रपाळीला मी घरून एक पिशवी घेऊन गेलो. तिच्यात रानातली माती होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत घरचं काम करू नये, मी केलं. आमच्याकडे क्ले, म्हणजे चिकणमाती, मोजायची पद्धत सोपी आहे. पन्नास ग्रॅम वाळू वाळवायची, पाण्यात थोडा कॉस्टिक घालून ढवळायची, तळाला बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी काढून टाकायचं. पाणी निवळ होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग उरलेली वाळू वाळवून वजन. जे गेलं ते क्ले.

दुसऱ्याच धुण्याला पाणी निवळ झालं. काट्यावरचा आकडा बघून मी भांडं पुन्हा पुसून ठेवलं, पुन्हा वजन केलं. आमच्या साच्याच्या वाळूतही याहून जास्त क्ले असते. म्हणजे ज्या रानात मी डीएपी, युरिया, पोटॅश ओतत होतो तिथं ते धरून ठेवायला जवळपास काहीच नव्हतं. जुलैच्या पावसात आमच्या भागात आठ-आठ दिवस झड असते. युरियाचं नत्र पाण्याबरोबर खाली, तिथून विहिरीत, नदीत. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की मी सोसायटीच्या ग्रुपवर तावातावानं लिहिणारा माणूस. त्या फेसाशी माझ्या युरियाचा संबंध नाही, ते मला माहीत आहे. पण भामेत मी काय सोडतोय हे कधी लिहिलं नाही.

तिथं एक गंमतही कळली. बेंटोनाइट ज्या खनिजाचं, मॉन्टमोरिलोनाइटचं, त्याच जातीच्या खनिजामुळे आपली काळी जमीन फुगते, भेगाळते, पाणी आणि खत धरून ठेवते. जवळजवळ वीस वर्षं मी कच्छची काळी जमीनच पोत्यातून विकत घेत होतो म्हणायचं.

मग माणसं गाठायला सुरुवात केली. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. खिशात जमीन आरोग्य पत्रिका होती, घडी न मोडलेली. २०१५ पासूनच्या त्या योजनेत बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सेंद्रिय कर्बापुढे "अत्यंत कमी" लिहिलं होतं, ते मी कधी वाचलंच नव्हतं. आणि ज्या एका गोष्टीनं माझ्या शेंगा पोचट राहिल्या, ती या बारांत नाहीच. कॅल्शियम.

भुईमुगाचं हे प्रकरण ऐकून मी थक्क झालो. झाडाच्या मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर पानांत जातं आणि तिथंच राहतं. पानांतून ते परत खाली शेंगेकडे येत नाही. शेंग जमिनीत, अंधारात. तिच्यातून पाणी हवेत उडत नाही, म्हणून वरचं पाणीही तिच्याकडे फारसं ओढलं जात नाही. तेव्हा प्रत्येक शेंगेनं आपलं कॅल्शियम आपल्या भोवतालच्या मातीतून, टरफलातून थेट प्यायचं. वरच्या दोन-तीन इंचांत ते असेल तर दाणा भरतो, नसेल तर पाला कितीही डोलो, शेंग पोचट. म्हणजे माझं झाड तृप्त होतं आणि त्याची लेकरं त्याच्याच पायाशी उपाशी होती. त्यात मी टाकलेलं लाल पोटॅश. शेंगेच्या भोवती पालाश जास्त झालं की ते कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं. पैसे देऊन मी अडथळा विकत घेतला होता.

आणि तात्यांचं ते राखी रंगाचं खत? सुपर फॉस्फेट बनवताना खडकातल्या फॉस्फेटवर गंधकाम्ल घालतात, त्यातून जिप्सम तयार होतं आणि ते खतातच राहतं. पोत्यात जवळपास निम्मं तेच. म्हणजे स्फुरद सोळा टक्के, गंधक अकरा, कॅल्शियम वीसच्या आसपास. डीएपीत शेवटची दोन्ही शून्य. मी पोत्यावरचे मोठ्या अक्षरातले आकडे वाचले होते.

इथं कोणाला वाटेल, चला, बापाचं शहाणपण जिंकलं. मला तसं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. तात्यांना कॅल्शियम माहीत नव्हतं. सुपर ते आणायचे कारण सोसायटीत उधारीवर तेच मिळायचं. मी आईला विचारलं तर तीही हेच म्हणाली. त्यांचं खत बरोबर होतं, त्यामागचं कारण चुकीचं होतं. माझं उलटं: कारण द्यायला मी तयार होतो, खत चुकीचं होतं. फरक एवढाच की ज्यानं पीक येत होतं ते तात्यांनी बदललं नाही, आणि मी बदलण्याआधी विचारलं नाही.

युरियाची गोष्ट याहून लाजिरवाणी. शेंगवर्गातली पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र घेतात, हे मी शाळेत लिहून मार्क मिळवले आहेत. भुईमुगाला एकरी साधारण दहा किलो नत्र सांगतात, तेही गाठी कामाला लागेपर्यंतची सुरुवात म्हणून. माझी दोन पोती युरिया आणि एक पोतं डीएपी यांचा हिशेब मांडला तर पन्नास किलो. पाचपट. आयतं मिळालं की झाड गाठींचे लाड करत नाही. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं तसं पुढच्या हंगामात एक डहाळा खुरप्यानं मातीसकट काढला, मुळं बादलीत धुतली, गाठी नखानं चिरल्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. आमच्या शेजारच्या, काहीच खत न देणाऱ्या चुलतीच्या रानातल्या गाठी लाल निघाल्या. मुद्दाम युरिया दिलेल्या माझ्या एका पट्ट्यातल्या थोड्या आणि पांढरट.

शेंगवर्गाचं हे गुपित जगाला कळलं तेही वाळूत. १८८६ मध्ये जर्मनीतल्या हेलरीगेल यांनी बर्लिनच्या सभेत ते मांडलं. त्यांनी आणि विल्फार्थ यांनी कुंड्यांत नुसती वाळू भरून वाटाणे आणि ओट लावले होते. ओट दिलेल्या नत्राच्या मापानंच वाढायचे. वाटाणे निर्जंतुक वाळूत उपाशी राहायचे, आणि त्याच वाळूत रानातल्या मातीचं थोडं पाणी शिंपडलं की वाढायचे. मेलेली वाळू आणि जिवंत वाळू यांत ओंजळभर मातीच्या पाण्याचं अंतर. हे वाचलं त्या रात्री मला मेंढरांचा तो वास आठवला.

मग काय केलं ते थोडक्यात. पहिलं वेड अर्थातच फाउंड्रीवाल्याचं: रानात बेंटोनाइट टाकू! हिशेब केला. एकराच्या वरच्या सहा इंचांत सुमारे नऊशे टन माती. एक टक्का क्ले वाढवायची तर नऊ टन. पोत्यांचा भाव बघून वेड उतरलं. पण तलावांतला गाळ म्हणजे फुकटची काळी चिकणमातीच, आणि सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. भाडं देऊन ट्रॉल्या आणल्या, निम्म्या रानात पसरल्या. निम्म्याच, कारण पैसे संपले.

बियाण्याला बुरशीनाशक आधी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत वाळवून. पूर्वी मी सगळं एकाच घमेल्यात कालवायचो, म्हणजे जिवाणू विकत आणून विषात बुडवायचो. युरिया बंद. डीएपीऐवजी एकरी अडीच पोती सुपर. शिवाय राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एकरी एकशे साठ किलो जिप्सम, निम्मं पेरताना, निम्मं आऱ्या, म्हणजे फुलांतून मातीकडे जाणारे शेंगेचे देठ, सुटताना, झाडाच्या बुडाशी. वाळूत हा दुसरा हप्ताच महत्त्वाचा, कारण पहिला पावसानं खाली नेलेला असतो. जिप्सम टाकल्यावर कोळपं बंद, आऱ्या तुटतात. उलट फुलोऱ्यात पिकावरून रिकामा ड्रम लोळवतात, म्हणजे आऱ्या मातीत शिरतात. ड्रम ऑइलचा, भंगारातून आणलेला, दोनशे लिटरचा. धुऊन धुऊन हात दुखले. तो लोळवताना मला बघून चुलतीनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला.

धनगरांकडे जाणं सगळ्यात अवघड गेलं. म्हातारा आता चालत नाही, कळप त्याचा मुलगा नेतो. मी विचारलं, यंदा आमच्या रानात बसता का? त्यानं ओळखलं नाही. मग ओळखलं. म्हणाला, "तुमच्याकडं गाडी असते ना?" मी म्हटलं, विकली. खोटं बोललो. त्यानं दोन रात्री बसतो म्हणून सांगितलं, भाव तात्यांच्या वेळेपेक्षा बराच जास्त. रस्ते वाढले, कंपाउंडं वाढली, मेंढरं वळवायला जागा राहिली नाही, त्याचंही बरोबर आहे. भुईमूग मुळासकट उपटायचं पीक, पाला म्हशीला, रानात मागे काही राहत नाही. साच्याच्या वाळूत आम्ही प्रत्येक फेऱ्याला जळालेल्या क्लेच्या जागी नवी घालतो. रानाला मी पाच वर्षांत काहीच परत घातलं नव्हतं.

फाउंड्रीची सवय म्हणून गेल्या हंगामात मी चार सऱ्या जिप्समशिवाय ठेवल्या. दोन्हीकडच्या शंभर-शंभर शेंगा फोडून मोजायच्या, रजिस्टरात लिहायचं, दुकानदाराला नेऊन दाखवायचं, असा बेत होता. त्या सऱ्यांना मी खुंट्या मारून लाल चिंधी बांधली होती. काढणीच्या दिवशी नेमकी माझी पाळी बदलली. संध्याकाळी पोहोचलो तर खुंट्या बांधावर नीट एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि सगळ्या शेंगा ओट्यावर एकाच ढिगात. आई तोडायला आलेल्या बायांना चहा देत होती.

"अगं, त्या चार सऱ्या वेगळ्या ठेवायच्या होत्या."

"कुठल्या? त्या पोचट निघाल्या त्या?" आई म्हणाली. "त्या म्हशीच्या पाटीत टाकल्या."

रजिस्टरात त्या तारखेपुढची ओळ मी कोरी ठेवली आहे.